चार बोल्ट आणि एक भिंत

‘घराचा कडी-कोयंडा तोडून अज्ञात चोरट्यांनी कपाटातील ऐवज लंपास केला.’ उन्हाळ्याच्या सुट्टीत सोलापूरच्या वर्तमानपत्रांत आतल्या पानावर हे वाक्य हमखास भेटतं. पेठ बदलते, तोळे बदलतात, वाक्य तेच राहतं. पूर्वी त्याच्या शेपटाला भादंवि ४५४, ४५७, ३८० ही कलमं असायची. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि त्यांच्या जागी ३०५, ३३१ आली. चोरांची रीत मात्र जुनीच. आधी दाराचा कोयंडा, मग झोपायची खोली, मग लोखंडी कपाट आणि शेवटी कपाटातला तो आतला कप्पा. त्याला घरोघरी लॉकर म्हणायची पद्धत आहे. प्रत्यक्षात तो पत्र्याचा खण असतो आणि एका स्क्रू-ड्रायव्हरला दाद देतो.

बातमी वाचली की त्या दिवशी घरात तिजोरीचा विषय निघतो. नवी पेठेत चौकशी होते, मुलगा मोबाइलवर किमती दाखवतो आणि आठवड्याभरात एक खोकं घरी येतं. आत राखाडी रंगाची, आकड्यांची बटणं असलेली पेटी, सोबत पिशवीत चार बोल्ट. पेटी कपाटात साड्यांच्या मागे जाते, बोल्ट पिशवीतच राहतात. मागच्या दिवाळीत रंग दिलाय, भिंतीला भोकं कशाला पाडायची? आता ही पेटी भरते जेमतेम दहा-पंधरा किलो. न ठोकलेली तिजोरी म्हणजे घरादाराचा ऐवज एका जागी गोळा करून चोरासाठी बांधून ठेवलेलं बोचकं. ती जागेवर उघडायची त्याला गरजच नाही. उचलायची, मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये ठेवायची आणि गावाबाहेर नेऊन निवांत पहारीनं फोडायची.

जुन्या सोलापुरात तिजोरी ही मुळी घरातली वस्तूच नव्हती, ती पेढीवरची. चाटी गल्लीतल्या कापड व्यापाऱ्याच्या किंवा सराफ बाजारातल्या पेढीच्या गादीमागे ती बसलेली असे. काळी किंवा गडद हिरवी, पितळी मुठीची, लक्ष्मीपूजनाच्या कुंकवाचे थर कपाळावर वागवणारी. तिला बोल्ट लागत नसत, तिचं वजनच तिचा पहारेकरी. ती हलवायची म्हणजे हमालांची टोळी, खाली सरकवायला लोखंडी नळ्या, पहारी आणि माडीवर चढवायची असेल तर चेन ब्लॉक. चोरानं एवढं सामान आणून एवढा आवाज करायचा, तर त्यापेक्षा त्याला नोकरी बरी.

घरातल्या बाईची तिजोरी म्हणजे उतरंड. वरून कितव्या मडक्यात डाळीखाली पुरचुंडी आहे, ते फक्त तिला ठाऊक. धाब्याच्या घरांच्या भिंती हातभर जाड, पांढऱ्या मातीच्या. भिंतीत कोनाडा, कोनाड्याच्या पाठीत आणखी एक खाच आणि वरून सारवण. देवघराखालची फरशी, चुलीजवळची जमीन, गोठ्यातल्या गव्हाणीखालची माती. जागा ठरलेल्या, आणि अडचण हीच की त्या चोरांनाही पाठ. लपवणाऱ्याचं डोकं आणि शोधणाऱ्याचं डोकं एकाच गावात वाढलेलं असतं. कधी लपवणारा अचानक गेला की ऐवज मातीतच राही आणि पुढची पिढी वाडा पाडताना हंडा सापडतो का, याची वाट बघत बसे.

या जिल्ह्यात लपवण्याला मोठी परंपरा आहे. पंढरपुरात आक्रमणाच्या काळात विठ्ठलाची मूर्तीच आसपासच्या गावांत हलवून ठेवल्याच्या हकिकती पिढ्यान् पिढ्या सांगितल्या जातात. मे २०२४ च्या अखेरीस विठ्ठल मंदिरात जतनाचं काम चालू असताना हनुमान दरवाज्याजवळ फरशीखाली एक तळघर लागलं. देशभरच्या वाहिन्या तिथे धावल्या त्या बहुधा सोन्याच्या आशेनं. निघाल्या दगडी मूर्ती, पादुका, थोडी नाणी आणि बांगड्यांचे तुकडे. तळघर बांधणाऱ्यांच्या लेखी मोलाचं काय होतं, याचा याहून सरळ पुरावा कुठला हवा?

मंगळवेढ्याकडे तर मोलाची वस्तू म्हणजे ज्वारी. काळ्या रानातली ही मालदांडी आता भौगोलिक मानांकन मिरवते. पूर्वी ती पेवात जाई. जमिनीत खोल खड्डा, आतून कडबा-भुसा, तोंड बंद करून वर माती. पेव उघडताना लगेच आत उतरायचं नाही, कोंडलेल्या हवेनं माणूस दगावतो, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असायचं. याच मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा महाराष्ट्राला पाठ आहे. बहामनी काळातला दुष्काळ, सरकारी कोठारं धान्यानं भरलेली आणि दाराशी उपाशी माणसं. पंतांनी कोठारं उघडून दिली. पुढे बिदरच्या दरबारात विठू महाराच्या रूपात देव येऊन पैसे भरून गेला, असं परंपरा सांगते. कोठाराची राखण कशी केली म्हणून लक्षात राहिलेला एकही अंमलदार या भागात सापडत नाही. लक्षात राहिला तो किल्ली फिरवणारा.

लपवण्याकडून लोखंडाकडे आपल्याला नेलं ते मुंबईतल्या एका वकिलानं. अर्देशीर गोदरेज, जन्म १८६८. झांजिबारला वकिली करायला गेले, पण अशिलासाठी सत्याला मुरड घालणं जमेना, म्हणून परत आले. मुंबईत शस्त्रक्रियेची अवजारं बनवू लागले. गिऱ्हाईक म्हणालं, माल चांगला आहे, पण त्यावर हिंदुस्थानात बनवल्याचा शिक्का नको. अर्देशीर म्हणाले, शिक्का असणारच. धंदा बुडाला. त्या सुमारास मुंबईत घरफोड्या वाढल्याच्या बातम्या छापून येत होत्या. १८९७ मध्ये त्यांनी लालबागला एका शेडमध्ये कुलपं करायला घेतली आणि १९०२ पर्यंत तिजोरीही केली. हाच माणूस पुढे टिळक स्वराज्य फंडाला तीन लाख रुपये देतो आणि चरबीऐवजी वनस्पती तेलाचा साबण काढून त्याचं नाव ‘चावी’ ठेवतो. मराठी घरांत लोखंडी कपाट कुठल्याही कारखान्याचं असो, त्याला गोदरेजच म्हणतात, यात नवल नाही.

१४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज फुटलं. एकाच जहाजात कापसाच्या गाठी, शेकडो टन दारूगोळा आणि सोन्याच्या विटा. गोदीचा परिसर पेटला आणि प्रत्येकी साडेबारा किलोहून जड सोन्याच्या विटा आकाशातून गावभर पडल्या. एवढ्या आगीतूनही आपल्या तिजोऱ्यांतली कागदपत्रं सुखरूप निघाली, असं गोदरेज कंपनी अभिमानानं सांगत आली आहे. त्यामागे जादू नाही. आगरोधक तिजोरीला दुहेरी भिंत असते आणि दोन पत्र्यांच्या मधल्या भरावात रासायनिकरीत्या बांधलेलं पाणी. बाहेर जाळ लागला की त्या पाण्याची वाफ होते आणि वाफ उष्णता घेऊन जाते. आतला कागद करपू नये म्हणून तापमान १७७ अंश सेल्सिअसच्या आत ठेवायचं, हा अशा चाचण्यांचा नेहमीचा दंडक. पेन ड्राइव्ह, हार्ड डिस्क यांना तेवढंही सोसत नाही, त्यांची मर्यादा पन्नाशीच्या आसपास संपते.

दुकानात विचारायची पहिली गोष्ट म्हणूनच ही: तिजोरी चोरासाठी हवी की आगीसाठी? चोरासाठीच्या पेटीत जाड पोलाद असतं, पण ते तापलं की आतल्या कागदाची राख. नुसत्या आगीसाठी केलेली पेटी कागद वाचवते, पण हातोड्यापुढे तिचा टिकाव लागेलच असं नाही. दोन्ही गुण हवे असतील तर वजन वाढतं आणि किंमतही. भारतीय मानक ब्युरोचं तिजोऱ्यांसाठीचं मानक आहे, आयएस ५५०. खोक्यावर ते आहे का, हे बघणारं गिऱ्हाईक विरळा. बहुतेक जण रंग बघतात.

आणि आग सोलापूरला परकी नाही. हे सुताचं, टॉवेलाचं, चादरीचं गाव आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्याला आग लागली आणि आठ माणसं गेली. कारखाना आणि राहतं घर एकाच छताखाली होतं. पूर्व भागात आजही खाली माग आणि वर बिऱ्हाड अशी घरं आहेत. तिथे पैसे खर्च करायचे तर आधी बाहेर पडायच्या दुसऱ्या वाटेवर, मग तिजोरीवर.

आता बसवण्याकडे. जुळे सोलापुरातल्या एका सदनिकेत मिस्त्री ड्रिल मशीन घेऊन येतो. काकूंनी जागा ठरवलेली असते, बेडरूममधली भिंत. मिस्त्री बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करतो, कान लावतो. ‘काकू, ही सिपोरेक्सची हाय. इथं बोल्ट बसंल, पण धरणार न्हाई. दोन झटक्यांत भिंतीसकट बाहेर येतंय.’ काकूंना पटत नाही. तो शेजारच्या कोपऱ्याकडे बोट दाखवतो, ‘ह्यो कॉलम. हितं बसवू या.’ सिमेंटचा तो हलका ठोकळा घर थंड ठेवतो, पण फास्टनर आवळला की आतून चुरतो. काँक्रीटमध्ये मात्र तोच फास्टनर फुगून घट्ट बसतो. कॉलममध्ये भोक पाडताना सळई लागली तर मशीनचा आवाज बदलतो, चिरका होतो. तिथे थांबायचं आणि दोन इंच सरकून नवं भोक घ्यायचं. सळई कापून घर दुबळं करावं एवढी कुठलीच पाटली मोलाची नाही.

जुन्या पेठांतल्या वाड्यात दुखणं निराळं. बाहेरून दगड दिसतो, आत मात्र मातीचा आणि चुऱ्याचा भराव. ड्रिल चार इंच गेलं की भसकन आत शिरतं आणि भोकातून पिवळी माती वाहायला लागते. तिथे बोल्टाचा नाद सोडून पेटीच भिंतीत चिणायची, चारी बाजूंनी काँक्रीट ओतून. मागाच्या घरात दिवसभराच्या हादऱ्यानं विटांच्या सांध्यातला बोल्ट हळूहळू सैल होतो, म्हणून तो जमिनीत घ्यावा. आणि जमिनीवर शहाबादी असेल तर आधी हातोड्याचा ठोका बंद ठेवून नुसतं फिरवून भोक पाडायचं. कडेला पहिल्याच ठोक्याला शहाबादी तडकते, आणि तडकलेली फरशी घरच्यांना पुढची वीस वर्षं रोज दिसते. बोल्ट आतून, पेटीच्या तळातून किंवा पाठीतून आवळायचे. संडास-बाथरूमच्या भिंतीला पेटी टेकवायची नाही, ओल धरते. दार बंद झाल्यावर आत हवा खेळत नाही, म्हणून कागद प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून सोबत सिलिका जेलच्या पुड्या टाकायच्या.

वास्तूवाले तिजोरीचं तोंड उत्तरेला, कुबेराच्या दिशेला करायला सांगतात. करावं, हरकत नाही. फक्त उत्तरेच्या हट्टापायी ती खिडकीसमोर येत नाही ना, एवढं पाहावं.

बँकेचं लॉकर आहे की, असं म्हणणारे पुष्कळ आहेत आणि बहुतांश सोन्यासाठी ते बरोबरच म्हणतात. पण १ जानेवारी २०२२ पासून लागू असलेल्या रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपट एवढीच आहे. भाडं दोन हजार असेल तर दोन लाख. आजच्या सोन्याच्या भावात त्यात काय येतं, ते सराफाकडे न जाताही कळतं. शिवाय नागपंचमीला, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेला, भाच्याच्या लग्नाला दागिना हवा असेल तर बँकेच्या वेळा सांभाळाव्या लागतात.

घरातल्या तिजोरीत दागिन्यांच्या पावत्याही ठेवाव्यात, हे कुणी सांगत नाही. सुवर्ण नियंत्रणाच्या काळात, म्हणजे १९६३ च्या चौदा कॅरटच्या नियमापासून १९९० ला कायदा रद्द होईपर्यंत, सोन्याबद्दल गप्प बसायची सवय एका अख्ख्या पिढीला लागली आणि पावती जपायची सवय मोडली. ११ मे १९९४ च्या सूचनेनुसार आयकराच्या झडतीत विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहितेचे २५० आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंतचे दागिने जप्त करू नयेत असं आहे. त्यावरच्या सोन्याला कागद लागतो. चोरी झाली तर पोलीस आणि विमा कंपनी, दोघंही आधी कागदच मागतात. दागिन्यांचे फोटो काढून मुलांच्या मोबाइलवर पाठवून ठेवणं, याला तर काहीच खर्च नाही.

राहता राहिल्या किल्ल्या. आकड्यांच्या तिजोरीसोबत दोन किल्ल्या येतात, सेल संपले किंवा बटणं रुसली तर वापरायला. सोलापूरच्या उन्हाळ्यात सेल गळतात, तेव्हा ही वेळ येतेच. आणि किती घरांत या दोन्ही किल्ल्या ‘सुरक्षित राहाव्यात’ म्हणून तिजोरीतच ठेवलेल्या असतात! तसं केलं असेल तर आज संध्याकाळीच त्या बाहेर काढा. एक बहिणीच्या किंवा भावाच्या घरी द्या, दुसरी आपल्याच घरात पण दुसऱ्या खोलीत ठेवा. आकडा घरातल्या किमान दोघांना सांगा. आणि पिशवीतले ते चार बोल्ट अजून पिशवीतच असतील, तर मिस्त्रीला फोन करा.