वर्गणी संपली, फाईल अडली

आमच्या अमरावतीच्या वस्तीतील अभ्यासिकेत एकच संगणक आहे, तोही घरोघरी फिरून जमविलेल्या वर्गणीचा. हिशेबाची वही माझ्याकडे. कारण मी बी.कॉम. झालेला, अकोल्याच्या एका पेढीत कारकून. जानेवारीतील एका रात्री बडनेऱ्याला उतरून घरी येतो, तो एक मुलगा दारात उभा. "काका, टाईपच होऊन नाही रायलं. उद्या अर्जाची शेवटची तारीख आहे."

जाऊन पाहिले. मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्ष संपले होते. पैसे माझ्या कार्डातून आपोआप कापले जात, आणि ते कार्ड मी बदलले होते. मुलाची फाईल उघडत होती, छापताही येत होती. पण त्यात एक अक्षर बदलता येईना. शेवटी घरच्या किराण्यातून एका महिन्याचे भरले. मुलांची आई काही बोलली नाही, पण भाजी वाढताना पळी जरा जोरात वाजली.

रविवारी बैठकीत हा खर्च वाचून दाखविला. एक म्हातारी बाई म्हणाल्या, "भाऊ, लिहिनं आपलं, अन् कुलूप त्याचं काहून?"

बंधू-भगिनींनो, या प्रश्नाने मला झोप लागू दिली नाही. आपले साप्ताहिकही वर्गणीवरच येते. पण वर्गणी थांबली म्हणून पेटीतले जुने अंक कोणी कुलूपबंद करीत नाही. मग एकदाच पैसे मोजून ऑफिस २०२४ विकत घ्यावे का? ते अडून बसत नाही, हे खरे. पण विकत घेतलेलेही जन्माला पुरत नाही. ऑफिस २०१६ आणि २०१९ चालतात, मात्र त्यांच्या सुरक्षेच्या दुरुस्त्या १४ ऑक्टोबर २०२५ नंतर बंद झाल्या.

दरवर्षी पैसे देणे मुळातच वाईट, असेही मी म्हणणार नाही. पेढीत टॅली आहे. ती एकदा घेतलेली. वर्षाचे नूतनीकरण चुकले तरी जमाखर्च लिहिता येतो, फक्त नवी आवृत्ती मिळत नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा नव्या आवृत्तीशिवाय माझे भागलेच नसते. कायदा बदलतो तिथे पैसे द्यावेत. अर्ज, बायोडाटा नि सभेची नोटीस यांत वर्षाला असे काय बदलते?

शेवटी लिब्रे ऑफिस टाकले. २०१० पासून ते फुकट मिळते, वर्डच्या फाईली उघडते. कधी तक्ता इकडचा तिकडे सरकतो, म्हणून अर्ज पीडीएफ करूनच पाठवितो. एमएस-सीआयटी केलेली पोरे आठवडाभर कुरकुरली. कृतिदेवमधल्या जुन्या नोटिसांना मात्र तोच फॉन्ट लागतो, तो टाकावाच लागला.

वाचलेली रक्कम वहीत वेगळी लिहिली आहे. मंडळींना प्रिंटरची शाई हवी, मुलांना स्पर्धा परीक्षेची पुस्तके. माझ्या किराण्याचे अजून कोणी विचारलेले नाही.