घरचे दरकदार

म्हातारपणी मनुष्याची बुद्धी आधी जाते, असा सार्वत्रिक समज आहे. माझ्या बाबतीत आधी गेली ती सही. स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्यात असताना जिच्या एका फटकाऱ्याने ग्रामसेवकांपासून मुख्याधिकाऱ्यांपर्यंत अनेकांची झोप उडत असे, ती सही कंपवाताने अशी काही वाकडीतिकडी होऊ लागली की, बँकेने माझा धनादेश ‘स्वाक्षरी जुळत नाही’ असा शेरा मारून परत पाठविला. पुढे नोव्हेंबरात निवृत्तिवेतनधारकांच्या यादीवर सही करण्यास गेलो, तेव्हा मी हयात आहे याबद्दल कोणाचा आक्षेप नव्हता. जो हयात आहे तो मीच, याबद्दल मात्र होता. ज्या वृद्ध वा आजारी खातेदाराचा हात चालत नाही, त्याचा अंगठा दोन स्वतंत्र साक्षीदारांनी, आणि त्यांपैकी एकाने बँकेचा जबाबदार अधिकारी या नात्याने ओळखला असता त्यावर पैसे द्यावेत, अशी रिझर्व्ह बँकेची स्पष्ट सूचना आहे. खिडकीपलीकडील तरुणाला ती ठाऊक नव्हती, आणि सारा जन्म परिपत्रकांच्या सहवासात काढलेल्या मला ती त्याच्यापुढे ठेवताना जो आनंद झाला, तो माझ्या वयास शोभणारा खचितच नव्हता.

सूचनेने त्या दिवसापुरते भागले. परंतु माझी अडचण सातारच्या आमच्या पेठेत षट्कर्णी झाली आणि साहाय्यकांचा तोटा म्हणून राहिला नाही. प्रथम बँकेचाच एक विनयशील अधिकारी पेढ्यांचा पुडा घेऊन घरी आला, आणि मुदत संपत आलेली माझी ठेव मोडून ती एका विमा योजनेत एकरकमी भरावी, म्हणजे ‘काका, तुम्हांला पुढे काही बघायलाच नको’, असे त्याने मला अत्यंत आपुलकीने समजाविले. भिंग घेऊन मी पत्रक वाचले, तेव्हा पाच वर्षे रकमेला हात लावता येणार नव्हता, असे त्यात बारीक अक्षरांत नमूद होते. या व्यवहारात आपणांस दलाली किती, असे मी विचारताच गृहस्थ हसले आणि पेढा घेण्याचा आग्रह करू लागले. (आमच्याच आळीतील एका विधवा बाईंनी असा विमा घेतला होता, दस्तऐवज हाती पडल्यापासून 30 दिवसांच्या आत तो परत करता येतो, हे वेळीच कळल्यामुळे त्यांची रक्कम सुटली.) त्यानंतर एका पतसंस्थेचे संचालक अधिक व्याजाचे निमंत्रण घेऊन आले. बँकेतील ठेवीला 5 लाख रुपयांपर्यंत जे विम्याचे संरक्षण असते, ते पतसंस्थेतील ठेवीला नसते, ही गोष्ट मी काढली, तेव्हा त्यांनी संस्थेच्या इमारतीचे वर्णन सुरू केले.

या दोघांना नकार देणे सोपे होते. अवघड होते ते पुतण्याला देणे. तो सज्जन आहे, कर्तबगार आहे, आणि माझे दुखलेखुपले पाहण्यास रात्री-अपरात्री धावून येतो. सर्व खाती आपल्या जोडनावे करावीत आणि काकांनी निर्धास्त व्हावे, असे त्याने सुचविले, व मी मान हलविली तेव्हा ‘काका, माझ्यावर विश्वास नाही का?’ असे विचारले. त्या प्रश्नाने मी क्षणभर खरोखरच निरुत्तर झालो. परंतु सेवाकाळात अपहाराची जी प्रकरणे माझ्या हातून गेली, त्यांतील बहुतेक प्रत्येक रोखपाल हा त्या कचेरीतील सर्वांत विश्वासू मनुष्य म्हणून नावाजलेला होता. आणि ते स्वाभाविकच होते, कारण ज्याच्यावर विश्वास नाही, त्याच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देतो कोण? शिवाय एकाच माणसाने रक्कम काढायची, त्यानेच लिहायची आणि त्यानेच तपासायची, या व्यवस्थेत भल्या माणसावरही उद्या भाऊबंदांनी संशय घेतला, तर त्याच्यापाशी निर्दोषत्वाचा पुरावा राहत नाही. हे मी त्याला सांगितले. त्याला ते पटले असे मला वाटले नाही.

पेशवाईत मोठ्या परगण्यांवर मामलेदाराबरोबर दिवाण, मुजुमदार, फडणीस, पोतनीस इत्यादी दरकदार असत. मामलेदाराला त्यांना दूर करता येत नसे, आणि फडणिसाने लिहिलेल्या व मुजुमदाराने तपासलेल्या हिशेबावाचून हुजुरात त्याचा निभाव लागत नसे. मामलेदार चोरच असतो, असे गृहीत धरून ही रचना झाली नव्हती. तो चांगला निघेल यावर दौलत अवलंबून ठेवू नये, एवढाच तिचा आशय होता. मी ठरविले की, आपल्या दोन खोल्यांच्या दौलतीतही दरकदार नेमावेत.

दिवाणगिरी, म्हणजे सल्ला, मी पुण्याच्या एका नोंदणीकृत गुंतवणूक सल्लागाराकडे सोपविली. सेबीने 2013 साली या व्यवसायासाठी विनियम केले असून, त्यांनुसार सल्लागाराने अशिलाशी लेखी करार करून त्याच्याकडूनच शुल्क घ्यावयाचे असते आणि ज्याला सल्ला दिला, त्याच्या गुंतवणुकीवर दलाली घ्यावयाची नसते. त्याचा नोंदणी क्रमांक सेबीच्या यादीशी ताडून पाहिल्यावरच मी पहिले शुल्क दिले. नुसत्या बोलण्याचे पैसे मोजले म्हणून नातलगांनी मला वेड्यात काढले. फुकट सल्ल्याची किंमत पेढ्यांच्या पुड्याबरोबर येत असते, हे त्यांच्या ध्यानी येत नाही. त्याने सांगितले तेही साधेच होते: ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत, जिची मर्यादा 2023 पासून 30 लाख रुपये आहे, माझी बरीचशी पुंजी ठेवावी, उरलेली एकाच बँकेत 5 लाखांहून अधिक होऊ देऊ नये.

घरखर्चाच्या बचत खात्यापुरते अधिकारपत्र मुलीच्या नावे दिले. तिला त्यातून खर्चाला पैसे काढता येतात, मालकी मात्र तिच्याकडे जात नाही, आणि ठेवींच्या खात्याला तिचा हात लागत नाही. किर्द लिहितात त्या टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या शेजारीणबाई, ज्यांना सहीचा अधिकारच नाही. मुजुमदारी पुतण्याकडे गेली. पहिल्या तिमाहीला तो फुगलेल्या तोंडानेच आला. पण मी कधीही न मागितलेल्या एका कार्डाचे वार्षिक शुल्क खात्यातून वजा होत असल्याचे त्याने पासबुकात पकडले, बँकेकडून ते परत वसूल केले, आणि तेव्हापासून तो माझ्यापेक्षाही कठोर आक्षेप काढतो.

या व्यवस्थेला एक मर्यादा आहे, ती लपविण्यात अर्थ नाही. 1872 च्या करार कायद्याप्रमाणे, असे अधिकारपत्र वा मुखत्यारपत्र देणाऱ्याची बुद्धी भ्रमिष्ट झाली की मुखत्यारी संपुष्टात येते. म्हणजे तिची खरी गरज लागते, नेमकी त्याच वेळी ती उपयोगी पडत नाही, आणि आप्तांना न्यायालयाची पायरी चढावी लागते. अधिकारपत्रही अखेर खातेदाराच्या जुळणाऱ्या सहीवरच चालते. माझे मंजूर होण्यास अंगठा, साक्षीदार आणि कित्येक हेलपाटे लागले. म्हणून माझ्या समवयस्कांना विनंती आहे की, ज्यांची सही अद्याप बँकेच्या नमुन्याशी जुळते, त्यांनी ही कागदपत्रे याच आठवड्यात करून टाकावीत.