रोजची, पण रोज नाही!

बर्बन म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर आधी काय येतं? खरं सांगा. बिस्कीट! दोन चॉकलेटी बिस्किटं, मध्ये क्रीम आणि वर साखरेचे दाणे. माझंही गेल्या ऑक्टोबरपर्यंत तसंच होतं. मग मी तीन आठवड्यांसाठी चुलतभावाकडे लुईव्हिलला गेले. हे अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं सगळ्यात मोठं शहर, आणि केंटकी म्हणजे बर्बन व्हिस्कीचं माहेर. जगातली बहुतेक सगळी बर्बन याच राज्यात बनते.

दुसऱ्याच दिवशी दादा मला लिकर स्टोअरमध्ये घेऊन गेला. बघते तर काय, एक अख्खी भिंत नुसती बर्बनची! मी वरच्या रांगेतल्या स्टायलिश बाटल्या न्याहाळायला लागले, तर दादा म्हणाला, "तिकडे बघू नकोस. त्या लोक शोकेसमध्ये ठेवायला घेतात. आपली रोजची इथे, खाली."

'रोजची' हा शब्द ऐकला आणि माझ्या पोटात गोळाच आला.

कारण आमच्या घरात हा शब्द साधा नाही. दादाचे वडील, म्हणजे माझे मोठे काका, 'घ्यायचे'. आपल्याकडे 'पितो' म्हणत नाहीत, 'घेतो' म्हणतात. काय घेतो, किती घेतो, हे विचारायचं नाही. काका रोज घ्यायचे, पण बाटली कधी कुणाला दिसली नाही. ती कोठीच्या खोलीत डब्यांमागे असायची, नाहीतर स्कूटरच्या डिकीत. दिसायची ती फक्त शर्टाच्या खिशातली वेलचीची पुडी. लहानपणी मला वाटायचं, काकांना वेलची फार आवडते. मी दहावीत असताना ते गेले. भेटायला येणाऱ्यांना सांगितलं गेलं, कावीळ झाली होती.

आणि आता त्यांचाच मुलगा मला त्याची 'रोजची' दाखवत होता.

त्या संध्याकाळी मी जरा धास्तावूनच किचनमध्ये बसले होते. दादानं उंच ग्लास काठोकाठ बर्फानं भरला. मग ड्रॉवरमधून स्टीलचं एक छोटं माप काढलं. एका बाजूला दीड औंस, म्हणजे साधारण ४५ मिली, आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या निम्मं. मोठ्या बाजूनं एकदा मोजून बर्बन घातली, बाटलीचं बूच लावलं आणि बाटली तिथेच ओट्यावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. त्यावर बर्बनच्या तिप्पट गार जिंजर एल, ग्लासच्या कडेनं हळूच, म्हणजे फेस मरत नाही. लिंबाची एक फोड. चमचा एकदाच फिरवायचा. झालं!

"बुधवारी एक, शनिवारी एक," वहिनी म्हणाली. "बाकीचे दिवस ह्याच ग्लासात नुसतं जिंजर एल. मोजतो, म्हणून मी निवांत झोपते."

आता थोडं बर्बनविषयी. हिचे नियम भलतेच कडक आहेत. धान्यात किमान ५१ टक्के मका हवा, आतून कोळसा होईपर्यंत जाळलेलं नवंकोरं ओकचं पिंप हवं, आणि ती अमेरिकेतच बनलेली हवी. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसनं ठराव करून बर्बन हे खास आपल्या देशाचं उत्पादन असल्याचं जाहीरच करून टाकलं. मक्यामुळे तिला गोडवा येतो आणि जळक्या लाकडामुळे व्हॅनिला-कॅरॅमलचा वास. आता या गोडव्याला आल्याचा झणका मिळाला तर काय बहार येईल, हे बासुंदी आणि भजी एकाच ताटात घेणाऱ्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको!

तीन आठवड्यांत दादानं मला तीन जोड्या चाखवल्या. चाखवल्या म्हणजे एका संध्याकाळी एकच, तीही दोघांत!

पहिली इव्हान विल्यम्स, काळ्या लेबलची. ४३ टक्के अल्कोहोल आणि किंमत अगदी खिशाला परवडेल अशी. हिच्याबरोबर कॅनडा ड्राय. नावातलं 'ड्राय' म्हणजे कमी गोड. जुनी जिंजर एल गडद रंगाची आणि चांगलीच गोड असत. टोरांटोच्या जॉन मॅकलॉफलिन यांनी १९०४ मध्ये ही फिकट, हलकी आवृत्ती काढली. ही जोडी म्हणजे वरण-भात. कधीच चुकत नाही.

दुसरी वाइल्ड टर्की १०१. हा आकडा म्हणजे 'प्रूफ', आणि अमेरिकेत प्रूफच्या निम्मं केलं की टक्के मिळतात. म्हणजे तब्बल ५०.५ टक्के! म्हणूनच हिला तोडीस तोड जोडीदार लागतो. दादाचा चॉइस एल-एट-वन. केंटकीतल्याच विंचेस्टर गावचं, १९२६ पासूनचं, हिरव्या बाटलीतलं, आल्याबरोबर थोडा फळांचा स्वाद असलेलं. नाव जरा भरभर उच्चारून बघा, 'अ लेट वन' असं ऐकू येतं, म्हणजे एकदम लेटेस्ट! आपल्याकडे कोकणातल्या माणसाला सोलकढीचं जेवढं कौतुक, तेवढं या लोकांना याचं. टर्की असली की दादा माप पूर्ण भरत नाही. कारण सोपं आहे. हिचे ४५ मिली म्हणजे ४० टक्केवाल्या व्हिस्कीचे जवळजवळ ५७ मिली. ग्लास तेवढाच दिसतो, हिशेब मात्र बदलतो.

तिसरी मेकर्स मार्क, बुचावर लाल मेण ओघळलेली. बहुतेक बर्बनमध्ये मक्याच्या जोडीला राय नावाचं तिखटसर धान्य असतं, हिच्यात त्याऐवजी गहू. त्यामुळे एकदम मऊ. तिच्याबरोबर साऊथ कॅरोलिनातलं ब्लेनहाइम जिंजर एल, तेही तिखटवालं. पहिल्याच घोटाला मला असा ठसका लागला की वहिनी पाणी घेऊन धावली. आजीच्या आल्याच्या काढ्याची आठवण झाली! माझी फेव्हरेट हीच.

शेवटच्या शनिवारी दादानं एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत १९२० ते १९३३ दारूबंदी होती. चोरून मिळणारी दारू भयंकर असायची, आणि तिची चव लपवायला लोक त्यात जिंजर एल घालायचे. कॅनडा ड्रायचा खप वाढला तो त्याच काळात.

"म्हणजे काकांची वेलची," माझ्या तोंडून निघून गेलं.

दादा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "बाबांनी किती घेतली ते त्यांनाही माहीत नसेल. लपवून घेणारा मोजणार कसा? मोजायला बाटली बाहेर काढावी लागते."

आता मंडळी, माप म्हणजे काही औषध नव्हे. काकांच्या हातात ते स्टीलचं माप दिलं असतं तर ते थांबले असते, असं मला अजिबात वाटत नाही. ज्याला पहिल्या पेगनंतर थांबताच येत नाही, त्याला मापाची नाही, डॉक्टरची गरज असते. आणि ज्याला घ्यायचीच नाही, त्याच्यासाठी बर्फ घातलेलं नुसतं जिंजर एल बेस्ट. ऑफिसच्या पार्टीत तो उंच ग्लास हातात असला की 'का रे, घेत नाहीस?' हा प्रश्नसुद्धा कुणी विचारत नाही.

परतताना दादानं एक इव्हान विल्यम्स बॅगेत घालून दिली. आपल्या सरकारनं फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं, तरी आयात बर्बन आपल्या खिशाला जडच. पुण्याला घरी पोचले आणि बाटली हातात धरून पाच मिनिटं नुसती उभी राहिले. सवयीनं हात कपाटाकडे, कपड्यांच्या मागे जात होता.

शेवटी ती किचनमध्ये, मिक्सरशेजारी ठेवली. मग आईला हाक मारली.

आईनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काही बोलली नाही. मी तिच्यासमोरच माप काढलं, एकदाच ओतलं आणि मुंबईच्या स्वामी कंपनीचं जिंजर एल घातलं. तिच्यासाठी दुसऱ्या ग्लासात नुसतं जिंजर एल. तिनं एक घोट घेतला.

"आल्याचं आहे होय? चांगलंय की. मग त्यात ते दुसरं कशाला?"

मला उत्तर सुचलं नाही. अजूनही सुचलेलं नाही.

ग्लास धुऊन झाल्यावर मी बाटली फडताळात ठेवायला उचलली, तर आई म्हणाली, "आत नको ठेवूस. इथेच असू दे. किती उरलीय ते दिसलं पाहिजे."

तीन महिने झाले. अजून अर्ध्याच्या वर आहे.