गृहपाठ कुणाच्या मोबाईलवर?

मोबाईल माझा आहे, हे फक्त बिलावर लिहिलेलं आहे. पहाटे साडेपाचचा गजर लावणारी मी आणि रात्री आठवणीनं चार्जिंगला लावणारीही मीच. मधल्या वेळात तो घराचा. त्यातही दुपारी चारपासून रात्री नऊपर्यंत तो शाळेचा! थोरल्याचा आठवीचा ग्रुप, धाकटीचा चौथीचा ग्रुप, तिच्या चित्रकलेच्या क्लासचा ग्रुप, शिवाय मी जिथं शिकवते त्या शाळेचा निराळाच. इकडे फोडणी तडतडावी नि तिकडे टुण्‌कन आवाज यावा: ‘उद्या येताना पिंपळाची पाच पाने व एक कार्डशीट आणावे.’ रात्री पावणेनऊला कार्डशीट कुठल्या दुकानातून आणायचं, हे मात्र त्या निरोपात कधी नसतं.

तुमच्याकडेही हेच असणार म्हणा. घरोघरी मातीच्या चुली गेल्या, आता घरोघरी शाळेचे ग्रुप.

माझी गंमत अशी, की मी दोन्ही बाजूंना बसते. मी बी.ए. मराठी. लग्न होऊन कराडला आले, मुलं जरा सुटवांग झाल्यावर इथल्या एका खासगी शाळेत तासिका तत्त्वावर पाचवी-सहावीला मराठी शिकवू लागले. त्यामुळं एका पालकसभेत मी टेबलामागं असते नि दुसरीत मुलांच्या बुटक्या बाकावर गुडघे दुमडून. दोन्हीकडे विषय हल्ली एकच.

वडीलमंडळी उठून सांगतात, “मॅडम, मुलं मोबाईलनं बिघडली.” सांगता सांगता त्यांचा स्वतःचा मोबाईल वाजतो, ते बाहेर जाऊन बोलून येतात आणि पुन्हा त्याच वाक्यापासून सुरुवात करतात. आयांचं म्हणणं वेगळं. “बाई, सगळं ग्रुपवर टाकत जा. ह्याला विचारलं तर म्हणतो, काही दिलंच नाही.” म्हणजे मोबाईल काढून घ्या आणि मोबाईलवरच पाठवा, अशा दोन्ही मागण्या एकाच सभेत, कधी कधी एकाच घरातून!

मागच्या सभेत एका गृहस्थांनी मोहित्यांचे वडगावचं उदाहरण दिलं. आमच्या शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं हे गाव. तिथं २०२२ साली गावानं ठरवलं, की संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. कल्पना मला मनापासून आवडली. पण बसल्या जागी मनात आलं, आमच्याकडे बरोबर साडेसातला तर ग्रुपवर गृहपाठ येतो! भोंगा वाजवायचा तर आधी शाळेनं गृहपाठाची वेळ बदलायला हवी. हे मी बोलून दाखवलं तेव्हा सगळे हसले नि विषय सहलीवर गेला.

यंत्राशी माझं भांडण नाही हं. यंत्रं शाळेत यायला लागली त्याला पुष्कळ वर्षं झाली. पुण्याची बालचित्रवाणी १९८४ साली सुरू झाली. माझ्या लहानपणी तिचे कार्यक्रम दूरदर्शनवर लागायचे आणि शाळेची तयारी अर्धवट टाकून आम्ही भावंडं टीव्हीपुढे उभी असायचो. २०१७ साली ती बंद झाल्याची बातमी वाचून चुटपुट लागली. २०२० मध्ये शाळांना कुलूप होतं तेव्हा सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ लागायची, तिनंही पुष्कळ घरांना हात दिला. बालभारतीच्या पुस्तकांत ते काळ्या चौकोनांचं चिन्ह असतं ना, क्यूआर कोड, त्याचा वापर सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी केला. २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार त्यांना मिळाला नि दहा लाख डॉलरच्या रकमेतली निम्मी त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली. अशा माणसाच्या हातात यंत्र असलं की त्याचं सोनं होतं.

आमच्याच शाळेतल्या गणिताच्या तरुण बाई घ्या. अपूर्णांक शिकवायला त्यांनी भाकरीचे तुकडे करत मोबाईलवर छोटी फिल्म काढली, स्वतःच्या स्वयंपाकघरात. वर्गातल्या पडद्यावर ती दाखवली तेव्हा मागच्या बाकांवरचीसुद्धा माना वर करून बघत होती. त्याच बाईंना रात्री अकराला पालकांचा निरोप येतो, “मॅडम, उद्या डबा कोरडा की भाजीपोळी?” पुढच्या वर्षी निवृत्त होणारे आमचे एक सर म्हणतात, “खडू कधी हँग होत नाही आणि रात्री अकराला वाजतही नाही.”

आणि मुलं? मुलांना मी ‘मोबाईल: मित्र की शत्रू?’ ह्यावर दहा ओळी लिहायला सांगितल्या. वर्ग एकजात शत्रू! बाईंना काय हवंय ते पोरांना बरोबर कळतं. मग वह्या मिटायला लावल्या आणि नुसतं विचारलं, खरंच काय करता त्यावर? कुणी खेळ सांगितले, कुणी क्रिकेट. एक जण म्हणाला, “बाई, शंका विचारली की मोबाईल ओरडत नाही.” शिक्षकांच्या खोलीत मी हे सांगितलं तेव्हा जरा वेळ कुणीच बोललं नाही. मग चहा आला.

न ओरडणारा मोबाईल आता निबंधही लिहून देतो. सहावीत ‘माझी आई’ दिला, तर तीन वह्यांत आई ‘वात्सल्याचा अखंड झरा’ निघाली, स्वल्पविरामासकट सारखी. मी काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी तासाला तिथंच लिहायला सांगितलं, की आज सकाळी घरातून निघताना आई तुम्हांला काय म्हणाली. त्या तिघांतल्या एकानं लिहिलं, ‘आई म्हनाली पाण्याची बाटली आज हरवलीस तर घरी येऊ नकोस, आनि मग डब्यात लाडू टाकला.’ शुद्धलेखनाचा आनंदच, पण ती वही मी घरी आणून ह्यांना वाचून दाखवली.

हे सगळं हसण्यावारी नेता येतं. नेता येत नाही ते पुढंच.

पाचवीत तिसऱ्या बाकावर एक मुलगी बसते. तिची मराठीची वही पूर्ण, अक्षर नीटस. इतर विषयांच्या वह्यांत मात्र पानोपानी लाल शाईत ‘गृहपाठ अपूर्ण’. हे असं कसं, म्हणून तिला जवळ घेऊन विचारलं. उत्तर साधं होतं. मी गृहपाठ पहिल्यापासून फळ्यावर लिहून देते, बाकीचे ग्रुपवर टाकतात. घरात मोबाईल एकच, वडिलांचा. ते टेम्पो चालवतात. मोबाईल त्यांच्याबरोबर जातो नि रात्री दहाला येतो. आला की तो दहावीतल्या भावाकडे. “दादाचं झालं की मला देतात, पण तोवर मी झोपते,” ती म्हणाली. तक्रारीचा सूर नव्हता. पाणी भरायला जसा नंबर लागतो तसा तिचा नंबर शेवटचा, एवढंच.

हे एका घरापुरतं असतं तर मी इतकं लिहिलं नसतं. ‘असर’च्या २०२४ च्या पाहणीत देशभरच्या खेड्यांतल्या १४ ते १६ वर्षांच्या मुलांना विचारलं होतं. शंभरात ८२ जणांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो हातात घेतलेली ५७ टक्के, आणि गप्पाटप्पांच्या समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. वापरता येणाऱ्यांत स्वतःचा फोन असलेले मुलगे सुमारे ३६ टक्के, मुली २७. पाहणी खेड्यांतली खरी, पण आपल्या गल्लीत तरी निराळं काय आहे? घरात नवा फोन आला की जुना कुणाकडे जातो, ते आठवून बघा.

एक दिवस त्या मुलीची आई शाळेच्या फाटकाशी माझी वाट बघत उभी. चार घरी पोळ्या करते. पदरानं कपाळ पुसत तिनं विचारलं, “बाई, शाळंला चालंल असा मोबाईल कितीला येतो?” भिशी लागली होती, आठ हजार हातात आले होते. वरचे हप्त्यानं देईन म्हणाली. खरं तर त्या पैशांचं शिलाई मशीन घ्यायचं होतं, पण “ते ऱ्हाऊ द्या, पोरीचं नुकसान नको.” मी म्हटलं, हप्ते एकदाचे फिटतील, पण रिचार्ज? आता तीनशेच्या घरात गेलाय, आणि कंपन्यांचा महिना अठ्ठावीस दिवसांचा. वर्षाचे तेरा महिने भरायचे! “आठ दिवस थांबा, काही घेऊ नका,” असं सांगून मी तिला परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंकडे गेले. तासिकेवरची बाई, माझा शब्द तो केवढा! पण दोन वह्या बरोबर नेल्या होत्या, एक मराठीची, एक परिसर अभ्यासाची. त्यांनी दोन्ही चाळल्या. मागणी एवढीच होती, की गृहपाठ शेवटच्या घंटेआधी फळ्यावर लिहावा, मुलांनी डायरीत उतरवून घ्यावा, आणि ग्रुप फक्त सुट्टीच्या नि सभेच्या निरोपांसाठी ठेवावा.

विरोध झाला तो पालकांकडून. “मग आम्हांला कळणार कसं?” “फी कशाची घेता?” आमच्या जाऊबाईंचा मुलगा त्याच शाळेत, त्या तर तोंडावर म्हणाल्या, “तुम्ही आयांचं काम वाढवलंत.” मी म्हटलं, वहिनी, मुलाच्या दप्तरातली डायरी उघडून बघायची, एवढंच काम. तेही बघायला नको, त्यालाच विचारा. दहा वर्षांचा घोडा झालाय. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत.

शेवटी मधला मार्ग निघाला. पाचवी ते सातवीला फळा आणि डायरी सक्तीची. ज्यांना हवा त्यांच्यासाठी ग्रुपवरही फळ्याचा फोटो. पहिला महिनाभर डायऱ्यांतून ‘ग. पा. पा. ३४’ असली गूढ अक्षरं निघायची नि घरोघरच्या आया एकमेकींना फोन करून अर्थ विचारायच्या. आता मुलं पूर्ण वाक्य लिहू लागलीत. गणिताच्या बाई म्हणतात, “माझी रात्र मला परत मिळाली.”

त्या मुलीकडे मशीन आलं. जुनंच आहे, पायाचं, पण टीप सुरेख बसते. माझ्या दोन साड्यांचे फॉल तिथंच लावून घेतले. दहावीतल्या भावाचा नव्या मोबाईलसाठी हट्ट मात्र चालूच आहे. त्याच्या क्लासचे सर सगळं ग्रुपवरच टाकतात म्हणे.