कुसळी, मारवेल आणि आपला माळ

दिवाळीच्या आसपास माळ फिरून घरी आले की माझा पहिला अर्धा तास ओट्यावरच जातो. मोज्यांतून, ओढणीतून एकेक कुसळ उपटत बसायचं. कुसळी गवताचं हे बी एका टोकाला सुईसारखं टोकदार. त्या टोकामागे उलट्या दिशेला वळलेले तांबूस केस, आणि शेवटी बोटभर लांब, दोरीसारखा पीळ घातलेली शेपटी. नव्या विद्यार्थ्यांना मी आधी हेच दाखवते. तळहातावर कुसळ ठेवायचं आणि त्यावर पाण्याचा एक थेंब सोडायचा. शेपटीचा पीळ सुटू लागतो आणि कुसळ हातावर सावकाश फिरायला लागतं. वाळलं की पीळ पुन्हा भरतो. माळावर हे काम रात्रीचं दव आणि दिवसाचं ऊन करतं. ओलं-कोरडं होत बी फिरत राहतं, टोक भेगेत शिरतं आणि उलटे केस त्याला बाहेर येऊ देत नाहीत. चार महिन्यांचा पाऊस आणि आठ महिन्यांचा कोरडेपणा, एवढ्यात जगायची ही तयारी आहे.

अशा माळाला आपलं सरकारी दप्तर ‘पडीक’ म्हणतं. त्यामागचा विचार इंग्रजी अमदानीतल्या महसुलाचा. जिथून शेतसारा येत नाही आणि सागवानही मिळत नाही, ती जमीन वाया गेलेली, असा त्याचा साधा हिशोब होता. इंग्रज गेले, हिशोब राहिला.

गेली वीस वर्षं मी पुणे, सोलापूर आणि अहिल्यानगर जिल्ह्यांतल्या माळांवर गवतं मोजते आहे. आमच्या विषयातला पायाभूत ग्रंथ १९७३ साली आला. दबडघाव आणि शंकरनारायण या अभ्यासकांनी देशभरच्या गवतांची पाहणी करून त्यांचे पाच मोठे प्रकार पाडले. दख्खनसह सगळ्या द्वीपकल्पावर शेडा आणि मारवेल यांचं राज्य. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात मारवेलीच्या जोडीला अंजन आणि सेवण येतं. गंगा-ब्रह्मपुत्रेच्या पुराच्या मैदानात नळ आणि काशाची इतकी उंच गवतं वाढतात, की काझीरंगात गेंडा चार पावलांवर असला तरी दिसत नाही. हिमालयाच्या पायथ्याच्या डोंगरउतारांवर चौथा प्रकार, आणि झाडांची हद्द संपते तिथून वर पाचवा. त्यालाच उत्तराखंडात बुग्याळ म्हणतात. नीलगिरीच्या माथ्यावरची, शोला जंगलांना बिलगून असलेली कुरणं तर आणखी वेगळी. तिथे नीलगिरी ताहर चरतो आणि बारा वर्षांतून एकदा कुरिंजी फुलते.

या सगळ्यांना आपण ‘गवत’ या एकाच शब्दात गुंडाळतो, आणि तिथे झाडं का नाहीत म्हणून हळहळतो. गवताचा वाढीचा कोंब शेंड्याला नसतो, जमिनीलगत असतो. म्हणून मेंढरांनी खाल्लं, वणव्यात जळलं, तरी बुडखा जिवंत राहतो आणि पहिल्या पावसात हिरवा होतो. जंगलाची ठेव खोडात असते, माळाची ठेव मुळांत आणि मातीत. वरचं गवत जळालं तरी मातीतला कार्बन बव्हंशी मातीतच राहतो. माती उकरली की मात्र तो सुटतो.

ही उकराउकर मी फार जवळून पाहिली आहे. एका गावाच्या माळावर मी सलग चार पावसाळे मीटरभराच्या चौकटी टाकून मोजणी केली होती. धाविक पक्ष्याची उघड्यावरची अंडी तिथे दोनदा सापडली होती. पाचव्या वर्षी गेले, तर डोंगरभर चर खणलेले आणि चरांच्या बांधावर गिरिपुष्पाची रोपं. माझ्या चौकटींच्या खुंट्या मातीच्या ढिगाखाली गेल्या होत्या. दरवर्षी भेटणारे धनगर काका मेंढरं घेऊन उभे होते. म्हणाले, “ताई, ह्या झाडाला मेंढरं तोंड लावीनात. आता हितं थांबून काय करू?” जनावरं खात नाहीत, म्हणूनच तर ते झाड निवडलेलं असतं. लावणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या माळावर मारवेल पुन्हा आलेली मी पाहिली नाही.

कच्छच्या बन्नीत हेच फार मोठ्या प्रमाणावर घडलं. खारं रण पुढे सरकू नये म्हणून १९६०च्या सुमारास तिथे वेडी बाभूळ लावली. ती आवरेनाशी झाली आणि मालधारी पशुपालकांच्या कुरणांचा मोठा भाग तिने गिळला.

मूळचं जंगल तुटलं म्हणून माळ झाला, असं मला अजूनही व्याख्यानानंतर ऐकवलं जातं. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या अभ्यासकांनी यावर सुंदर काम केलं आहे. त्यांनी जुन्या मराठी ओव्या, संतचरित्रं, क्षेत्रांच्या कथा चाळून त्यांत कोणती झाडंझुडपं येतात ते पाहिलं. साडेसातशे वर्षांपूर्वीच्या उल्लेखांतही पश्चिम महाराष्ट्राच्या या भागात मोकळ्या, उन्हाच्या माळावरच्या वनस्पतीच ठळक दिसतात. आपले पूर्वज माळ ओळखत होते. माळढोकाच्या तर नावातच माळ आहे. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळ नान्नजला अभयारण्य झालं. आज तिथे एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. लांडगा, चिंकारा, तणमोर हेही याच माळाचे रहिवासी, आणि दिवाळी सरली की कोकणात उतरणारे धनगरांचे वाडेही.

तुमच्या गावाला माळ असेल तर एखाद्या सुट्टीत सकाळी लवकर तिथे जा. आणि पुढच्या जूनमध्ये तिथे वृक्षारोपण ठरलं, तर ग्रामसभेत उठून एवढंच मागा: खड्डे गावठाणात, रस्त्याकडेला घ्या, माळाला एक पावसाळा तसाच राहू द्या. त्या पावसाळ्यात तिथे काय काय उगवतं, ते गावातल्या मेंढपाळाला सोबत घेऊन लिहून काढा.