पुसू नका, नाव बदला

तीर्थस्वरूप मामांस,


काल फोन ठेवल्यापासून चैन पडलेलं नाही. मोटेवर लिहिलेली सगळी पानं गेली, असं तुम्ही म्हणालात. मामा, पानं गेलेली नाहीत. ती ‘डॉक्युमेंट्स’मध्ये होती तिथंच असणार. बिघडलंय ते ती उघडणारं लिबर ऑफिस. दुकानदार फॉरमॅट मारू म्हणतोय, त्याला आधी थांबवा. फॉरमॅट मारला तर मात्र पानं खरंच जातील. आजच त्या पानांची फाईल पेनड्राइव्हवर उतरवून घ्या.

लिबर ऑफिस तीनदा काढून पुन्हा बसवलंत, तरी पट्टी सरकते आणि सगळं मिटतं. कारण प्रोग्रॅम काढला तरी तुमच्या आवडीनिवडींचा फोल्डर संगणकात तसाच राहतो आणि नवं लिबर ऑफिस पुन्हा त्यालाच हात घालतं. परवा लिहिताना लाईट गेली, तेव्हा त्यातलीच एखादी फाईल अर्धवट राहिली असावी.

आधी संगणक बंद करून चालू करा. जुनं लिबर ऑफिस आत अडकून पडलं असेल तर तेवढ्यानंही सुटतं. नाही सुटलं, तर स्टार्ट मेनूत लिबर ऑफिसच्याच नावाखाली ‘सेफ मोड’ आहे, त्यातून उघडा. तिथं नीट चाललं, तर दोष त्या फोल्डरातच आहे असं धरून चाला. तिथलं ‘फॅक्टरी सेटिंग’चं बटण मात्र दाबू नका.

मग लिबर ऑफिस बंद करा. विंडोजचं बटण दाबून धरून ‘आर’ दाबा. चौकटीत इंग्रजीत टक्क्याचं चिन्ह, ‘ॲपडेटा’, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, मध्ये जागा न सोडता लिहा आणि एंटर करा. उघडेल त्यात लिबर ऑफिसचा फोल्डर, त्यात ‘4’, त्यात ‘युजर’ दिसेल. या ‘युजर’चं नाव बदलून ‘युजर-जुना’ करा. पुन्हा सांगतो, पुसू नका. लिबर ऑफिस उघडलं की नवा ‘युजर’ आपोआप तयार होईल.

पुसू नका म्हणतो, कारण त्या जुन्या फोल्डरात ‘वर्डबुक’ आहे. नाडा, सोंदूर, थारोळं, धाव... ज्या ज्या शब्दाखाली लाल नागमोडी रेघ आली, तो तुम्ही उजवं बटण दाबून शब्दकोशात घातलात. ते सारे शब्द तिथं आहेत. मोट हाकलेली माणसं आता आपल्या गावात किती उरलीत? आजोबांच्या तोंडचे ते शब्द तुम्ही एकेक करून वेचलेत. ते मला हवेत. शेजारच्या ‘बॅकअप’मध्ये लाईट गेली त्या दिवसाची पानंही सापडू शकतील.

मराठी शुद्धलेखनाची जोडणी पुन्हा बसवावी लागेल. रविवारी सकाळी फोन करतो, तेव्हा ती बसवू आणि ‘वर्डबुक’ही नव्या फोल्डरात आणू. तोवर ‘युजर-जुना’ला हात लावू नका. मामींना नमस्कार.

आपला भाचा