पार्किंगमधल्या फेऱ्या

नाना रोज सकाळी आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाळीस फेऱ्या मारायचे. मोजदाद चुकू नये म्हणून खिशात दहा चिंचोके. एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात. दहाही तिकडे गेले की मग उजव्याकडून डावीकडे. असे चार हप्ते झाले की वर यायचे आणि आईला सांगायचे, ‘‘झाली शाळा.’’

आयुष्यभर प्राथमिक शिक्षक होते. नामपूरहून मोसम नदीच्या कडेनं वरच्या गावातल्या शाळेत रोज सायकलनं जायचे. पावसाळ्यात फरशी पाण्याखाली गेली की सायकल खांद्यावर. ती काळी ॲटलास आमच्या घरातली पहिली आणि बरीच वर्षं एकुलती एक गाडी होती. दांडीखालून पाय घालून, कैची मारत मी सायकल शिकलो ती तिच्यावरच.

असा माणूस पुण्यात सोसायटीच्या फाटकाबाहेर पाऊल टाकत नव्हता. वॉचमनच्या खुर्चीपर्यंत यायचे, रस्त्याकडे बघायचे आणि वळायचे.

त्याचं कारण नामपूरला घडलं होतं. लाल कांद्याचे दिवस होते. त्या दिवसांत अख्ख्या मोसम खोऱ्यातला कांदा नामपुरात येतो. ट्रॅक्टर, पिकअप, छोटे हत्ती, सगळे एकामागे एक. लिलाव आटोपला की रिकामे ट्रॅक्टर घरच्या ओढीनं सुटतात. अशा एका संध्याकाळी नाना सायकल हातात धरून रस्त्याच्या कडेनं चालत येत होते. चालवत नव्हते, चालत होते, हे ते प्रत्येकाला मुद्दाम सांगतात. समोरून ट्रॅक्टरचे दिवे डोळ्यांवर आले आणि मागून मोटारसायकलनं उडवलं. ती कोणाची होती ते कधीच कळलं नाही. उजव्या मांडीच्या हाडात रॉड बसवावा लागला.

नाना हॉस्पिटलात असताना मी गावी गेलो, तेव्हा ओट्यावर ती सायकल पडलेली होती. पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं वाकलेलं. आईला ती बघवत नव्हती, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. मी भंगारवाल्याला बोलावलं आणि देऊन टाकली. नानांना विचारलं नाही. घरी आल्यावर त्यांनी ओट्याच्या त्या कोपऱ्याकडे पाहिलं. तेही काही बोलले नाहीत. लॉकडाऊनमध्ये दोघांना पुण्याला आणलं, तेव्हाही तो विषय निघाला नाही. आमच्या घरात न बोललेल्या गोष्टींना बसायला नेहमी भरपूर जागा असते.

डिसेंबर २०२१ मध्ये पेपरात बातमी आली, की ११ तारखेला, शनिवारी, महापालिका लक्ष्मी रस्त्यावर ‘पादचारी दिन’ करणार आहे. नगरकर तालीम चौकापासून गरुड गणपती चौकापर्यंतचा रस्ता वाहनांना बंद. लोकांनी यावं, चालावं, बसावं. मी बातमी मोठ्यानं वाचून दाखवली.

‘‘पास काढावा लागतो का?’’ नानांनी विचारलं.

‘‘नाही. फुकट आहे.’’

‘‘चालायचं फुकटच असतं,’’ आई आतून म्हणाली. ‘‘एवढ्यासाठी पेपरात द्यावं लागतं का? आपल्याकडे बाजाराच्या दिवशी होतंच की हे.’’

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. नामपूरला आठवडे बाजार भरला की रस्त्यावर पालं येतात, मेथीच्या जुड्या येतात, आणि मोटारसायकलवाला आपसूक खाली उतरून गाडी ढकलत नेतो. कोणी अधिसूचना काढत नाही. आणि लक्ष्मी रस्ता तरी कुठे कायम गाड्यांचा होता? पालख्या त्याच रस्त्यानं नाना पेठेत आणि भवानी पेठेत मुक्कामाला जातात. अनंत चतुर्दशीला रात्रभर तो चालणाऱ्यांचाच असतो. फक्त त्या दिवशी देव सोबत असतो, म्हणून कोणी हॉर्न वाजवत नाही. या वेळी देव नव्हता, नुसती माणसं होती. एवढाच काय तो नवा प्रयोग.

नानांना तयार करायला तीन दिवस लागले. शेवटी माझ्या मुलीनं, ईशानं, ते काम केलं. ती तेव्हा आठ वर्षांची होती. तिलाही मी सायकल पार्किंगमध्येच शिकवली होती. बाहेरच्या रस्त्यावर न्यायची माझी छाती नव्हती. नाना चालत असताना ती त्यांच्याभोवती सायकलनं गोल फिरायची. एकाच पार्किंगमध्ये एक म्हातारा आणि एक पोर, दोघंही माझ्याच भीतीनं कोंडलेले, हे मला त्या वेळी दिसलं नव्हतं. मी स्वतः रोज स्कूटरवरून ऑफिसला जात होतो आणि सिग्नलला गाडी झेब्रा पट्ट्यांवरच उभी करत होतो.

रिक्षानं अलका चौकात उतरलो. मास्क लावलेले होतेच. गरुड गणपतीपाशी बॅरिकेड होतं, पोलीस होते. बॅरिकेडच्या फटीतून आत गेलो आणि सगळ्यात आधी जाणवला तो आवाज. म्हणजे आवाज नसणं. लक्ष्मी रस्त्यावर चपलांचा आवाज येतो, हे मला पुण्यात पंधरा वर्षं राहून माहीत नव्हतं. दुकानाच्या पायरीवर उभा असलेला माणूस समोरच्या दुकानातल्या माणसाशी नेहमीच्या आवाजात बोलत होता, आणि ते ऐकू येत होतं. वर पाहिलं तर लाकडी सज्जे दिसले, जुन्या वाड्यांची उरलीसुरली नक्षी दिसली. एरवी या रस्त्यावर कोण मान वर करतो?

आई पदर खोचून सरळ रस्त्याच्या मधोमध निघाली. बाजाराला निघाल्यासारखी. मध्येच थांबून, हात पसरून, ती गावाकडच्या अहिराणीत म्हणाली, ‘‘आज रस्ता कोना शे?’’ आजूबाजूचे दोघंतिघं वळून हसले.

नाना मात्र फुटपाथच्या कडेला चिकटून चालत होते. दर दहा पावलांनी मागे वळून बघायचे. मी दोनदा म्हणालो, ‘‘नाना, गाड्या बंद आहेत, या ना मधे.’’ ते ‘हो’ म्हणायचे आणि तिथेच राहायचे. तिसऱ्यांदा म्हणाले, ‘‘तुला बंद आहेत. माझ्या मानेला अजून कळलं नाही.’’

मी गप्प झालो. रस्त्यावर बाकं होती, लहान मुलं खडूनं चित्रं काढत होती, तरुण पोरं उगाच रस्त्यात मांडी घालून फोटो काढून घेत होती. एका साडीच्या दुकानापाशी दोन माणसं कुरकुरत होती, की गिऱ्हाईक गाडी लावणार कुठे. त्यांची कुरकुर मला अगदीच गैरवाजवी वाटली नाही. आम्ही चौघं काही विकत घ्यायला आलो नव्हतो. पण कपड्यांच्या दुकानासमोर आई जितका वेळ उभी राहिली, तितका वेळ गाड्यांच्या गर्दीत ती कधीच उभी राहिली नसती. शेवटी तिनं दोन परकर घेतले.

असे दिवस जगात बरेच ठिकाणी होतात, हे मी नंतर शोधून वाचलं. कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७४ साली हा प्रकार सुरू झाला. तिथे त्याला सिक्लोव्हिया म्हणतात. आता तिथे दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी सातपासून दुपारी दोनपर्यंत १२० किलोमीटरहून जास्त रस्ते सायकलींना आणि चालणाऱ्यांना मोकळे असतात. वर्षातून एकदा नाही, दर आठवड्याला. आपल्याकडे गुडगावनं नोव्हेंबर २०१३ मध्ये ‘राहगिरी’ सुरू केली. मुंबईत २०१४ मध्ये वांद्रे–सांताक्रूझकडे ‘इक्वल स्ट्रीट्स’ झालं, आणि आमच्या या शनिवारानंतर साडेतीन महिन्यांनी, २७ मार्च २०२२ ला, मुंबई पोलिसांनी ‘संडे स्ट्रीट्स’ सुरू केलं. यातलं काय टिकतं आणि काय फोटोपुरतं उरतं, याबद्दल माझ्या मनात शंका आहेच. एक दिवस रस्ता मोकळा करणं म्हणजे उपासाच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी खाणं, असं माझा एक मित्र म्हणतो. त्याला मी उत्तर देऊ शकलेलो नाही.

पण आकडे वाचले की खिचडीही गोड लागते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, आणि त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. जवळपास पाचातला एक. दिवसाला नव्वदच्या आसपास. रॉड बसवून घरी परतलेल्यांचा हिशेब त्यात नाही. नाना त्यात नाहीत.

कुंटे चौकाच्या आसपास एक कॉलेजचा मुलगा गिअरची सायकल हातात धरून चालला होता. नाना थांबले. मागे वळून बघायचं विसरून त्या सायकलकडे बघत राहिले. मग त्याला विचारलं, ‘‘वजन किती हिचं?’’

‘‘चौदा-पंधरा किलो असेल, आजोबा. धरून बघा ना.’’

नानांनी हँडल धरलं. एका हातानं पुढचं चाक उचलून खाली आपटलं. टायर दाबून बघितला. ब्रेक दाबला. सगळं मास्तर लोक वही तपासतात तसं. मुलगा म्हणाला, ‘‘मारा की एक चक्कर, रस्ता मोकळाच आहे.’’

‘‘पाय टाकता येत नाही,’’ नाना म्हणाले. उजवा पाय सीटवरून पलीकडे जाईल इतका वर उचलत नाही आता.

आणि मग त्यांनी डावा पाय डाव्या पॅडलवर ठेवला. मी पुढे झालो, पण आईनं माझा दंड धरला. उजव्या पायानं जमिनीला एक हलका धक्का, मग दुसरा. आम्ही लहानपणी सायकल शिकायला सुरुवात करतो ना, दांडीखालून पाय घालायच्याही आधी, तसं. एका पॅडलवर उभं राहून, लंगडत. सायकल डगमगली, सरळ झाली. नाना फुटपाथच्या कडेपासून सुटून रस्त्याच्या मधे आले आणि वीसेक फूट गेले. ईशा शेजारून पळत होती आणि ओरडत होती, ‘‘खाली नका बघू नाना, समोर बघा!’’ पार्किंगमध्ये मी तिला हेच सांगायचो. आणि मला हे ज्यांनी सांगितलं होतं, ते समोर पॅडलवर उभे होते.

उतरले तेव्हा धाप लागली होती. मास्क खाली ओढला. मुलाचे आभार मानले, त्याला गाव विचारलं, वडील काय करतात ते विचारलं. मग आम्ही एका बाकावर बसलो. आई आणि ईशा खडूवाल्या मुलांकडे गेल्या.

का कोण जाणे, मला तेव्हा बोलता आलं. ‘‘नाना, आपली सायकल मी भंगारात दिली. तुम्हाला विचारायला पाहिजे होतं.’’

‘‘माहितीये.’’

‘‘आईनं सांगितलं?’’

‘‘नाही. तो भंगारवाला माझा विद्यार्थी. चौथीत होता माझ्याकडे. गणित कच्चं.’’ थोडा वेळ ते समोरच्या दुकानाची पाटी वाचत बसले. ‘‘तू गेल्यावर घरी आला होता. म्हणे, गुरुजी, तुमची गाडी मोडवत नाही. मी सांगितलं, मोड. चाक गेलंय, चेसी वाकलीय, ठेवून काय करतो? तर मोडली त्यानं. डायनॅमो तेवढा काढून आणून दिला.’’

‘‘कुठे आहे?’’

‘‘गावाकडे. पेटीत.’’

ॲटलासचा शेवटचा चालू कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. ही बातमी मी तेव्हा वाचली होती आणि नानांना सांगितली नव्हती. बाकावर ती सांगितली. ते म्हणाले, ‘‘गाडी दणकट होती. लायनिंग लवकर जायचं.’’ एवढंच.

पुढे नगरकर तालीम चौकात दुसरं बॅरिकेड आलं. त्याच्या पलीकडे नेहमीचं पुणं दात विचकून उभं होतं. अडवलेल्या गाड्या, हॉर्न, धूर. आई म्हणाली, तुळशीबागेत जाऊन येऊ, इतक्या जवळ आलोय. नाना बॅरिकेडपाशी थांबले. लोखंडी आडव्या पट्टीवर हात ठेवला आणि रस्त्याकडे पाहिलं, वॉचमनच्या खुर्चीपासून बघायचे तसंच.

‘‘तुम्ही जाऊन या,’’ ते म्हणाले. ‘‘मी इथं थांबतो.’’

मी थांबलो त्यांच्याबरोबर. आई आणि ईशा हात धरून पलीकडे गेल्या. आईनं गाड्यांना तळहात दाखवला आणि गाड्या चक्क थांबल्या. अर्ध्या तासानं पिना, बांगड्या आणि एक प्लास्टिकचं पोळपाट घेऊन परतल्या. मग आम्ही आलो त्याच मोकळ्या रस्त्यानं उलटे चालत निघालो. जाताना नाना मधोमध नव्हते, पण कडेलाही नव्हते. मी मोजत होतो. गरुड गणपतीपर्यंत त्यांनी मान सहा वेळा मागे वळवली.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी गॅलरीतून खाली पाहिलं, तर नाना पार्किंगमध्ये फेऱ्या मारत होते, चिंचोके खिशात. ईशाची सायकल भिंतीला टेकवलेली होती. पंधराव्या की सोळाव्या फेरीला ते तिच्यापाशी थांबले, खाली वाकून चेन तपासली आणि वर बघून मला हाक मारली, ‘‘तेलाची बाटली टाक रे खाली.’’